कोंबडीच्या पुस्तकाचे दोन शेवट

लहान मुलांच्या पुस्तकांबद्दल माझी मतं आहेत आणि ती कुणी विचारली नाहीत तरी मी सांगते. आमच्या गावच्या वाचनालयात मी दुपारभर बसते. म्हातारी माणसं पेपर वाचायला येतात, मुलं पंख्याखाली बसायला येतात, आणि मुंबईकर चाकरमानी मे महिन्यात आले की घरातली नको झालेली पुस्तकं आम्हाला दान करून जातात. त्यात हल्ली लहान मुलांची पुस्तकं फार. चकचकीत कागद, वर गोल शिक्का, 'संपूर्ण कुटुंबासाठी'. उघडून बघावं तर लांडगा शेवटी सॉरी म्हणतो आणि शेळीच्या घरी जेवायला थांबतो. मी ती पुस्तकं कपाटात ठेवते, कारण ते माझं काम आहे. पण माझ्या लेकीला ती मी कधी घरी नेली नाहीत.

व्हिडिओंचं तर बोलायलाच नको. मोठ्या डोक्याची, टपोऱ्या डोळ्यांची मुलं दात घासताना गाणं म्हणतात, भाजी खाताना गाणं म्हणतात, पडली तर गाण्यातच उठून उभी राहतात. घर तीन मजली, आईबाप गोरेपान, पाऊस धो धो पडतो आणि अंगणात चिखल म्हणून नाही. शेजारणी सांगायच्या, अगो, काय वाईट नसता त्यात, पोरगा गप बसून जेवता. जेवतं ते खरं. पण काय वाईट नसतं हीच माझी तक्रार होती. ज्या जगात काही वाईट नसतं ते जग दाखवून मुलाला करायचं काय? बाहेर आल्यावर ते कुठे सापडणार आहे?

मी फोंडाघाटची. माझं बालपण घाटाच्या पायथ्याशी, बाजारात गेलं. आमच्याकडे कुणी गेलं की ते दारात दिसायचं. तिरडी बांधताना आम्ही पोरं बाजूला उभी असायचो आणि कुणी आम्हाला आत हाकललं नाही. त्यानं माझं काही बिघडलं असं मला वाटत नाही. लग्न होऊन इकडे किनाऱ्यावर आले तेव्हा कळलं, इथली माणसं जातात ती वेगळ्या तऱ्हेनं. घरटी एक पुरुष बोटीवर. चार घरं सोडून एक बॅग दारात आलेली असते नाहीतर दारातून निघालेली असते. कॉन्ट्रॅक्ट, बोटीवर चढताना साइन ऑन, उतरताना साइन ऑफ, हे शब्द सत्तर वर्षांच्या बायकांच्या तोंडी भाजीबाजारासारखे असतात. माझा नवराही बोटीवरच होता. डेकवर, खलाशी.

पुस्तकांबद्दल त्याची मतं माझ्या बरोबर उलट. त्याला सगळं गोड लागायचं. लेक लहान होती तेव्हापासून तो प्रत्येक वेळी जाताना तिच्यासाठी एका पुस्तकाच्या दोन प्रती आणायचा. एक तिच्या उशाशी, एक त्याच्या बॅगेत. मग बोट बंदराला लागली, नेट मिळालं, की तो केबिनमध्ये बसून ते पुस्तक वाचतानाचा व्हिडिओ करून पाठवायचा. 'आता पान परत,' असं तो तिकडून म्हणायचा आणि ही इकडे पान परतायची. तिला अक्षरओळख नव्हती. चित्र आणि बापाचा आवाज, एवढ्यावर तिचं वाचन चालायचं. आमच्या घरात मुलांचे व्हिडिओ म्हणून चालायचे ते हेच, आणि याला माझी हरकत कशी असणार?

हरकत एकाच गोष्टीला होती. तो लबाडी करायचा.

त्या पुस्तकांत एक होतं कोंबडीचं. पातळसं, बारा-सोळा पानांचं असेल. कोंबडी पिल्लांना घेऊन चरायला जाते, एक पिल्लू मागे मागे राहतं, वरून घार येते. पुढच्या पानावर घारीची सावली तेवढी काढली आहे. शेवटच्या पानावर संध्याकाळ झाली आहे आणि कोंबडी पंख पसरून बसली आहे. पंखांखालून चोची दिसतात, पण किती ते मोजता येत नाही. खाली लिहिलं आहे, 'संध्याकाळी कोंबडीने पिल्लांना पंखाखाली घेतले. एक पिल्लू कमी होते. कोंबडी खूप वेळ आभाळाकडे बघत राहिली. मग रात्र झाली.' ज्यानं लिहिलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले होते.

आणि माझा नवरा हे वाचायचा कसं? 'संध्याकाळी कोंबडीनं पिल्लांना पंखाखाली घेतलं. इतक्यात धावत धावत ते मागे राहिलेलं पिल्लूही आलं. कोंबडी म्हणाली, किती रे उशीर!' लेक टाळ्या वाजवायची. मोठं डोकं हलवत हसणारी ती व्हिडिओतली मुलं आणि हा, यांच्यात मला काही फरक दिसेना.

मी फोनवर त्याला झापलं. म्हटलं, "पुस्तकात लिवलेला तसा वाचा नायतर तोंडान सांगा. पुस्तक हातात धरून खोटा कित्याक बोलतास?"

तो हसला. म्हणाला, "अगो, नऊ म्हयने मी लोखंड नि पाणी बघतंय. माका गोष्टीत तरी कोण गेलेला नको."

"आणि ती वाचूक शिकली की?"

"शिकली की मगे बघूया. तवसर मी साइन ऑफ होऊन घराक येतंय. तिच्या बाजूक बसान सांगतंय."

हे आमचं शेवटचं भांडण. त्याला भांडण म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी वाचनालयातच होते. त्या माणसानं हिंदीतून विचारलं, घरात मोठं कुणी आहे का. मी म्हटलं, मीच आहे. मग तो म्हणाला की वाऱ्यात डेकवर काम चालू होतं, लाट आली, माणूस दिसेनासा झाला. शोध चालू आहे. दोन-तीन दिवस तो रोज फोन करत राहिला, चांगला माणूस असावा. मग एक दिवस त्यानं सांगितलं की शोध थांबवला.

त्या दिवशी घरी पडवीत बायका जमल्या होत्या. सासू खांबाला टेकून बसली होती. लेक शाळेतून, तेव्हा ती मोठ्या बालवाडीत होती, दप्तर घेऊन आली आणि एवढी माणसं बघून दारातच उभी राहिली. तिनं विचारलं, काय झाला? आणि मी तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली,

"काय नाय गो बाय. पप्पांचो कॉन्ट्रॅक्ट वाढलो."

आमच्या गावात हे वाक्य प्रत्येक पोरानं ऐकलेलं आहे. दिवाळीला येणार होता, कॉन्ट्रॅक्ट वाढला, शिमग्याला येईल. पोरं थोडी रुसतात, मग खेळायला जातात. दुसरीकडे कुठे देवाघरी गेले म्हटलं असतं, चांदणी झाले म्हटलं असतं, पोरानं नाना प्रश्न विचारले असते. इथे काही विचारण्यासारखं उरतच नाही. लेकीनं ओठ पुढे काढला, म्हणाली, "परत वाढलो?" आणि दप्तर टाकून आत गेली. शेजारणीनं तिच्या हातात फोन दिला, कसलातरी भाज्यांच्या नाचाचा व्हिडिओ लावून. बाहेर आम्ही रडत होतो आणि आतून ते गाणं ऐकू येत होतं. त्या गाण्याची मला अजून शिसारी येते.

मी त्याच आठवड्यात सासूला सांगितलं की लेकीला, चेडवाक, खरां सांगायला हवं. ती चुलीपुढे होती. मागे न बघता म्हणाली, "खरां म्हणजे काय? तू बघलंस?"

"आई, शोध थांबवलो त्यांनी."

"त्यांनी थांबवलो. तो तेंचो झिल नाय." झिल म्हणजे मुलगा, आणि तो तिचा होता.

दीर मुंबईहून आला, भटजींना घेऊन आला. शरीर मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग पुढचं सगळं रीतसर. भटजी हळू आवाजात समजावून सांगत होते. सासू ऐकून घेत होती, आणि मग एकदम उठली.

"माझ्या झिलाक पानांचो करून जाळूक देवचंय नाय," ती म्हणाली. तिनं तिच्या माहेरची एक गोष्ट सांगितली. तिच्या लहानपणी वाडीतला एक माणूस असाच गेला. घरच्यांनी पुतळा जाळला, दिवस घातले, आणि मग तो माणूस परत आला. "तेच्या आवशीन तेका उंबऱ्याच्या भायर ठेवल्यान. मेलेलो म्हणून. माझो झिल इलो तर मी तेका भायर ठेवू?"

भटजी म्हणाले, बघा तुम्ही, घाई नाही. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. पण मी मधेच लटकले. कपाळाला कुंकू लावून वाचनालयात गेले की बायका कपाळाकडे बघायच्या, न लावता निघाले की सासू बघायची. आणि लेकीचं प्रकरण आता तिनं शपथेवर नेलं होतं. "चेडवाक सांगलंस तर मी ह्या घरात पाणी पिऊचंय नाय," असं ती मला एकटीला गाठून म्हणाली. ती बोलेल तसं करणारी बाई आहे. लेकाच्या जागी तिला आता घरात मीच होते आणि माझ्या लेकीलाही माझ्याशिवाय घरात आजीच काय ती होती. मी मूग गिळून बसले. आयुष्यात इतकी गप्प मी कधी बसले नव्हते.

लोकांनी भेटायला येताना लेकीसाठी पुस्तकं आणली. सगळी त्या शिक्क्याची, संपूर्ण कुटुंबासाठी. फुलपाखरं, ससे, वाढदिवस, इंद्रधनुष्य. मी एका संध्याकाळी ती सगळी पालथी घातली, कुठेतरी एखाद्या पानावर एखादं कुणीतरी गेलेलं असेल म्हणून. एक म्हातारा बैल, एक मांजर, काहीही चाललं असतं. एकाही पुस्तकात कुणी मेलं नव्हतं. मुलांना दुःख होऊ नये म्हणून मोठ्यांनी केवढा खटाटोप केला होता. मला ती पुस्तकं चुलीत घालावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी वाचनालयात नेऊन ठेवली.

मग बॅग आली. कंपनीनं त्याचं सामान पाठवलं, टेम्पोवाल्यानं अंगणात उतरवून दिली. लेक धावत बाहेर गेली आणि टेम्पोच्या पुढं, मागं, चाकांपाशी सगळीकडे बघून आली. बॅग कधीच एकटी आलेली तिनं बघितली नव्हती. सासूनं लगेच सांगितलं, "पप्पा दुसऱ्या बोटीर चढले. म्हणान बॅग पुढे धाडल्यानी." आणि बॅग आपल्या खाटेखाली सरकवली. लेक आजीकडे बघत होती. तशी बघताना मी तिला पहिल्यांदा बघितलं आणि मला वाटलं, आता हे फार दिवस चालायचं नाही.

जून महिन्यात ती पहिलीत गेली. दिवाळीपर्यंत जोडाक्षरं सोडली तर बऱ्यापैकी वाचायला लागली. दुकानाच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, एसटीवरची गावाची नावं. एका रविवारी सासू देवळात गेली होती. मी नारळ सोलून आत आले तर लेक सासूच्या खोलीत जमिनीवर बसलेली. खाटेखालची बॅग बाहेर ओढलेली, चेन उघडी. बापाचा एक शर्ट बाजूला काढून ठेवलेला. आणि पुढ्यात कोंबडीची दोन पुस्तकं, शेवटचं पान उघडून शेजारी शेजारी ठेवलेली. एक तिचं, कोपरे फाटलेलं. एक बॅगेतलं, बापाचं, कोरं करकरीत.

ती एका पुस्तकावर बोट ठेवून वाचायची, मग दुसऱ्यावर. "ए-क पि-ल्लू क-मी हो-ते." परत. "ए-क पिल्लू क-मी होते."

मला बघून तिनं विचारलं, "आई, पप्पांच्या पुस्तकात पण ह्याच लिवलेला आसा."

"व्हय. दोनय सारकीच."

"मगे पप्पांका वाचूक येणा नाय?"

"येता."

"मगे?"

मी तिच्या बाजूला बसले. म्हटलं, "तेंका ता आवडला नाय, म्हणान तेंनी बदलल्यानी."

तिनं पुन्हा त्या चोचींवर बोट फिरवलं. मोजायचा प्रयत्न करत असावी. "पिल्लू घारीन न्हेला?"

"व्हय."

"परत इला नाय?"

"नाय."

बाहेर कुणाचीतरी बाइक गेली. तिनं दोन्ही पुस्तकं एकमेकांना जुळवून ठेवली. मग तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "कॉन्ट्रॅक्ट वाढलो, ता पप्पांनी सांगल्यानी की आजीन?"

"आजीन."

"आजीक आवडला नाय म्हणान?"

एवढी सगळी माझी मतं. मुलाला खरं सांगावं, चित्रातलं आभाळ काळं असलं तर काळंच दाखवावं, दारात तिरडी बांधत असतील तर त्याला आत हाकलू नये. ती सगळी त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे. मला मनापासून वाटलं की हिनं आत्ता हे विचारलं नसतं तर बरं झालं असतं. पण तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, व्हय. आणि मग सांगितलं. लाट आली, पप्पा पाण्यात पडले, लोकांनी शोधलं, सापडले नाहीत. पप्पा मेले. मी हा शब्द मुद्दाम वापरला, कारण त्या घरात त्याच्याबद्दल तो तोवर कुणीच वापरला नव्हता, मीसुद्धा नाही.

ती रडली नाही. तिनं बापाचं पुस्तक मिटलं, बॅगेत ठेवलं, शर्ट वर ठेवला आणि चेन ओढायला लागली. चेन अडकली. ती ओढत राहिली, मग दोन्ही हातांनी ओढायला लागली, आणि मग त्या चेनीसाठी अशी काही हमसून रडली की मला तिला उचलून घ्यावं लागलं. सहा वर्षांचं पोर, जड लागलं. सासू येण्याआधी आम्ही दोघींनी मिळून बॅग खाटेखाली ढकलली. तोंड धुतलं.

मी भांडणाची तयारी करून बसले. पोर आहे, आजीकडे जाईल, बोलेल. सासू पाणी सोडेल, दिराला फोन होईल, गाव गोळा होईल. होऊ दे, असं मी ठरवलं होतं. खरं सांगते, मला ते व्हायलाच हवं होतं. या घरात एकदा कुणीतरी ते मोठ्यानं म्हणायला हवं होतं आणि ते माझ्या तोंडून निघत नव्हतं. लेकीच्या तोंडून निघेल या आशेवर मी होते.

तिन्हीसांजेला सासूनं दिवा लावला आणि पडवीत येऊन बसली. मोतीबिंदूचं ऑपरेशन ती पुढे ढकलत आलेली, मुलगा आल्यावर करू म्हणून. तिला आता अक्षर दिसत नाही, चित्रसुद्धा रंगाच्या ठिपक्यांसारखं दिसतं. पण नातीनं वाचून दाखवलेलं तिला फार आवडतं. तिनं हाक मारली, "बाय, वाच गो काय तरी. कोंबडीचा वाच."

लेक आतून पुस्तक घेऊन आली. मी तांदूळ निवडत उंबऱ्याशी बसले होते. माझे हात थांबले.

ती वाचत गेली. अडखळत, अक्षरं जोडत. कोंबडी चरायला निघाली, पिल्लू मागे राहिलं, सावली पडली. शेवटचं पान परतलं आणि थांबली. बोट त्या ओळीवर होतं, मला दिसत होतं. 'एक पिल्लू' इथपर्यंत ती आली. मग तिनं आजीच्या तोंडाकडे बघितलं. आजी मान पुढे काढून ऐकत होती.

"एक पिल्लू..." लेक म्हणाली, "...धावत धावत आला. कोंबडी म्हणाली, किती रे उशीर."

"इला मां?" सासूनं विचारलं.

"इला आजी."

मला तिथल्या तिथे उठून ते पुस्तक हिसकावून घ्यावंसं वाटलं. राग आला मला, सासूचा, त्या लाटेचा, असं वाचायला शिकवून गेलेल्या त्या माणसाचा. आणि लेकीचा आला नाही म्हणून स्वतःचा. पण मी उठले नाही. सासूनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरा वाचतंस गो. परत एकदा वाच."

लेकीनं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं. दुसऱ्या वेळी ती शेवटच्या पानावर अडखळली नाही.